मणीसाठी घेतलेली चटई

आता जे लिहिणार आहे ते माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, मुलीला ठाऊक नाही, आणि ज्यांना ते कळायलाच हवं होतं ते माझे सासरे, आमचे मामंजी, गेल्या वर्षी गेले. सहा वर्षं मी हे पोटात ठेवलं आहे. देवनागरीत लिहिते आहे, त्यालाही कारण आहे. आमच्या तंजावरच्या घरात मराठी सगळेच बोलतात, पण वाचता कुणालाच येत नाही. मी लग्नाआधी काही वर्षं पुण्यात नोकरी केली, तिथे ही लिपी हाताला बसली. म्हणजे बघा — कबुली द्यायची, तीसुद्धा घरच्यांना वाचता येणार नाही अशी. मी कशी बाई आहे ते तुम्हाला इथेच कळलं असेल.

गोष्ट कुत्र्याची आहे. हसलात? हसा. कुत्र्याचं ते काय एवढं, असं मीही बरीच वर्षं म्हणत आले.

मणी म्हणजे गावठी कुत्रा, तांबूस, एक कान मोडलेला. सासूबाईंनी त्याला परसात खायला घालून घालून घरातला केला होता. आमचं घर मसणवटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. इकडे प्रेतयात्रा ढोल बडवत, फटाके उडवत जाते. आम्हाला सवय झाली होती, मणीला कधीच झाली नाही. आपल्याला काही ऐकू यायच्या आधीच तो थरथरायला लागायचा. भर दुपारी, सगळं शांत असताना, तो उठून कोपऱ्यात जायचा आणि भिंतीला अंग घासत उभा राहायचा. मामंजी पुस्तकातून डोकं न काढता म्हणायचे, "आला कोणी." आणि पाच-दहा मिनिटांनी ढोल ऐकू यायचेच. मला त्या पाच-दहा मिनिटांची भीती वाटायची. ढोलांची नाही — त्या आधीच्या शांततेची.

सासूबाई गेल्यावर तो फारच बिघडला. रस्त्यावर काही नसतानाही थरथरायचा, दाराची चौकट कुरतडायचा, स्वतःचाच पंजा चावून चावून लाल करायचा. मामंजी त्याला जवळ घेऊन बसत. दोघंही तासन्‌तास परसातल्या दगडी पायरीवर, सासूबाई बसायच्या तिथे. सून म्हणून मी मामंजींचं सगळं करायची, पण खरं सांगते, त्या घरात त्यांना सोबत होती ती मणीची.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आमच्या भागातल्याच. त्यांनी सांगितलं, सारखं चाटत राहिलं की कुत्र्याचं मन शांत होतं, लिक मॅट आणा. सिलिकॉनची चटई असते, तिच्यावर खाचा असतात, खाचांत दही किंवा शिजवलेला भोपळा लिंपायचा आणि कुत्र्यापुढे ठेवायची. पण तीन गोष्टी त्यांनी मला बजावून सांगितल्या. हा चावरा आहे, तेव्हा चटई जाड घ्या, खाली चिकटून बसणारी घ्या. तो चाटत असेल तोवर शेजारी बसा. चाटून झाली की लगेच उचला. मला, बरं का. मामंजी बाहेर मणीला धरून उभे होते.

मी नीटनेटकी बाई आहे. कामाला लागले की तड लावते, सगळे म्हणतात. फोनवर बसून मी दहा-बारा चटया पाहिल्या. जाड होती ती मला पहिल्या पाच मिनिटांतच सापडली होती — राखाडी, दिसायला अगदीच साधी, हवी तश्शी. पण ती यायला आठ दिवस लागणार होते. आणि पाच दिवसांवर सासूबाईंचं श्राद्ध होतं. दुसरी एक होती, पातळ, माशांची नक्षी असलेली. ती दोन दिवसांत येत होती. खाली लोकांनी लिहिलेलं मी वाचलं. एकीने लिहिलं होतं, माझ्या कुत्र्याने कडा तोडली, लक्ष ठेवा. वाचलं मी ते! वाचून पातळ चटईच मागवली.

का? श्राद्धाच्या दिवशी कुत्रं घरात भुंकायला नको म्हणून. एवढंच. मामंजी म्हणाले होते, त्या दिवशी मी मणीला घेऊन बाहेर बसतो, जेवायच्या वेळेला आत येईन. मीच नको म्हटलं. तुमच्याच बायकोचं श्राद्ध आणि तुम्ही रस्त्यावर कुत्रं धरून बसणार? लोक काय म्हणतील? मी त्याची सोय केली आहे, तुम्ही निश्चिंत राहा. असं मी म्हटलं. निश्चिंत हा माझाच शब्द.

श्राद्धाच्या दिवशी मी पहाटेच न्हाऊन मडीत होते. सोवळ्याला आमच्याकडे मडी म्हणतात. वेगळं वाळवलेलं लुगडं नेसायचं, स्वयंपाक होऊन ब्राह्मण जेवून उठेपर्यंत कशालाही, कुणालाही शिवायचं नाही. कुत्र्याला तर नाहीच नाही. शिवलं की पुन्हा न्हायचं, आणि तोवर सगळं खोळंबणार. त्याआधी, न्हायला जाण्यापूर्वीच, मी चटईवर दही-भोपळा लिंपून मणीला मागच्या खोलीत ठेवलं आणि दार ओढून घेतलं. शेजारी बसणार कोण? कुणीच नाही. हे मला दार ओढतानाच माहीत होतं.

वडे तळत होते. कूडमात, म्हणजे मधल्या मोठ्या खोलीत, हे दर्भाची अंगठी घालून बसले होते, वाद्यारांचे, म्हणजे भटजींचे, मंत्र चालले होते. मणीचा आवाज नव्हता. मला बरं वाटलं. मग वाटलं — जरा जास्तच शांत आहे का? परसात पाणी घ्यायला गेले तेव्हा मागच्या खोलीच्या खिडकीतून पाहिलं. मणी चटई पायाखाली धरून तोडत होता. चाटत नव्हता, तोडत होता. तोंडातून एक पट्टी लोंबत होती. त्याने मान वर झटकली, आणि पट्टी आत गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं. शेपटी हलवली.

मी तिथे उभी राहिले. किती वेळ? अर्धा मिनिट असेल. दार दहा पावलांवर होतं. मामंजींना हाक मारता आली असती — ते भिंतीशी नुसतेच बसले होते. हाक मारली असती तर ते सगळं टाकून धावत आले असते, आणि वाद्यारांनी वळून पाहिलं असतं, आणि श्राद्धाच्या घरात कुत्रं कशाला, असा चेहरा केला असता. मी मनात म्हटलं, रबर तर आहे, पडेल बाहेर. आणि घागर भरून आत आले. वडे छान फुलले होते त्या दिवशी. सगळ्यांनी नाव काढलं.

पिंडाला कावळा शिवला, ब्राह्मण जेवून गेले, मग आम्ही बसलो. मामंजींनी आपल्या पानातला एक वडा उचलला आणि मागच्या खोलीकडे निघाले. मी पाहत होते. परत आले तेव्हा मला म्हणाले, "पावम् गं ते, बिचारं. ती सणासुदीला पहिला वडा त्यालाच देत होती. आज मी दिल्हा." मी हसून मान डोलावली असेल. आठवत नाही.

नंतर मी खोलीत गेले. चटईचा चौथा भाग नव्हता. माझा तळवा बसेल एवढा तुकडा. मी सगळीकडे शोधला, कपडे धुण्याच्या यंत्रामागे, पोत्याखाली. नव्हता. श्राद्धाची उष्टी पानं आम्ही कचऱ्यात टाकत नाही, परसात खड्डा करून पुरतो. खड्डा तयारच होता. मी पानांच्या मध्ये चटई सरकवली आणि वरून माती ओढली. चटई काही श्राद्धाचं उष्टं नव्हे! पण कुणी पाहिलं नाही.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, घाबरली बिचारी. थांबा, अजून मी सांगितलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मणीने ओकायला सुरुवात केली. पाणी प्यायला तरी बाहेर. परसात गेला आणि खड्ड्यावरच्या मातीपाशी बसून राहिला, नाक जमिनीला लावून. हाकलला तरी परत तिथेच. संध्याकाळी आम्ही दोघं त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, काही गिळलं का? मी तोंड उघडायच्या आत मामंजी बोलले. वडा दिला, तेलकट होता, मीच दिला. लहान मुलाने कबूल करावं तसे बोलले. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि मग माझ्याकडे पाहून विचारलं, "आणि चटई? शेजारी बसला होतात ना?"

मी म्हटलं, "हो. धुऊन ठेवली आहे."

त्यांनी पोटासाठी, उलटी थांबायला इंजेक्शन दिलं. म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत उतार पडला नाही तर ओरत्तनाडूला मोठ्या दवाखान्यात न्या, तिथे पोटाची तपासणी करतील, पोटात काही अडकलंय का तेही दिसेल. गाडीत मामंजी मणीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मी पुढे बसले होते. ते दिसेल — एवढाच शब्द माझ्या डोक्यात फिरत होता.

तिसऱ्या दिवशी उतार नव्हता. मणी उठतच नव्हता. दुपारी रस्त्याने प्रेतयात्रा गेली, ढोल, फटाके, सगळं. तो थरथरला नाही. मामंजी माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ओरत्तनाडूला नेऊं की गं आत्ताच. गाडी बोलाव." हे कामावर तिरुचीला गेले होते. गाडी बोलवायची ती मीच. फोन माझ्या हातात होता.

आणि मी म्हटलं, मामंजी, एवढ्या उन्हात त्याला तासभर गाडीत हलवायचं? एक दिवस बघू. इंजेक्शनचा गुण यायला वेळ लागतो. वड्याचं अजीर्ण आहे, बाईंनी सांगितलंय ना.

हे ते. हेच सांगायचं होतं मला. चटई चुकीची घेतली, ते नव्हे. खिडकीतून पाहून परत फिरले, तेही नव्हे. बाईंशी खोटं बोलले, ते भीतीपोटी निघून गेलं असंही कुणी म्हणेल. पण त्या दुपारी मी शांत होते. माझा आवाजसुद्धा प्रेमळ होता. मला पुरतं माहीत होतं की त्याच्या पोटात काय आहे, आणि नेलं तर कदाचित वाचेल. आणि नेलं तर दिसेल. मी दोन्ही ठेवून पाहिलं, आणि म्हटलं, एक दिवस बघू. मामंजी माझ्या शब्दाबाहेर नव्हते. म्हातारपणी माणूस सुनेच्या शब्दाबाहेर कुठे जाणार? ते पायरीवर जाऊन बसले.

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मणी गेला. मामंजींनी त्याला स्वतःच परसात पुरला, मदत घेतली नाही. मी खिडकीत उभी होते — ते त्या पानांच्या खड्ड्याजवळ खणतील का, हे पाहत. बघा मी काय पाहत होते.

त्यानंतर मामंजींनी वडा खाल्ला नाही. पोंगलला नाही, दिवाळीला नाही, पुढच्या कुठल्याच श्राद्धाला नाही. जेवताना उजव्या हाताकडे पाहत थांबायचे. वाद्यारांना एकदा विचारताना मी ऐकलं, मुक्या जीवाला आपल्या हाताने मारलं तर काय करायचं असतं? रोज दुपारी कावळ्याला भात ठेवायचे तेही त्यांनी सोडलं. मला सांगायचे, तू ठेव, माझ्या हातानं नको. आणि मी ठेवायची. पाच वर्षं, रोज, त्यांच्यासमोर. एक वाक्य पुरलं असतं. परसात, रेडिओ चालू असताना, भाजी निवडताना, कधीही. मला हजार दुपारी मिळाल्या होत्या.

शेवटच्या आठवड्यात ते अंथरुणावर होते, पण शुद्धीत होते. मी पेज भरवत होते. त्यांनी चमचा हाताने बाजूला केला आणि विचारलं, "सुमती, वड्यानंच न्हवे की गं?" मी चमचा पुन्हा पेजेत बुडवला. त्यांनी मला हात जोडले. सासऱ्यांनी, सुनेला. म्हणाले, "तू त्याचं किती केलीस. चटई आणलीस. मीच खोडी केली. मला क्षमा कर."

खोलीत आम्ही दोघंच होतो. दार लोटलेलं होतं.

मी त्यांचे जोडलेले हात धरून खाली ठेवले, आणि म्हटलं, जाऊ दे मामंजी, तुम्ही काय मुद्दाम केलंत? मी केव्हाच माफ केलं.