वरचा मजला कुणाचा

हेमचंद्र टिपणीसनं आयुष्यात एकच गोष्ट जिवापाड जपली, ती म्हणजे राग. बायको सुनेत्रा म्हणायची, "तुमच्या रागाला मी रोज सकाळी चहा पाजते." तिला चेष्टा परवडायची. स्टेडियमच्या उद्घाटनाला अपमान झाला तो तिचा नव्हता.

शहर अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं, पोलादाचे कारखाने बंद पडून निम्मं ओस पडलेलं. १९८४ साली नदीकाठी नवं बेसबॉल स्टेडियम उभं राहिलं आणि शहराला पुन्हा तरतरी आली. बंद दुकानं उघडली, मॅचच्या दिवशी पुलावर गाड्यांची रीघ लागू लागली. घरी पाहुणा आला की लोक त्याला आधी तिकडे न्यायचे. त्यातही कौतुक वरच्या मजल्याचं. सोळा हजार खुर्च्या, आणि खाली बसणाऱ्याच्या नजरेला आड येईल असा एकही खांब नाही! तो मजला असा अधांतरी पेलायचा कसा, याचं गणित हेमचंद्रनं अडीच वर्षं खपून केलं होतं. पुण्याच्या कॉलेजात शिकलेलं सगळं त्यानं त्यात ओतलं होतं.

त्याच्या फर्मचा मालक वॉल्टर ब्रँट. हेमचंद्रकडे त्या राज्याचं इंजिनिअरचं लायसन्स नव्हतं. "तुला कशाला हवं? माझा शिक्का आहे ना," असं ब्रँटच म्हणाला होता. नकाशांवर शिक्का ब्रँटचा, म्हणजे कायद्यानं कामही ब्रँटचं. तरी स्टेडियमच्या पितळी पाटीवर तुझंही नाव घालीन, असा शब्द त्यानं दिला होता. उद्घाटनाच्या दिवशी पाटीवरचा पडदा सरकला आणि नाव निघालं एकच. हेमचंद्रची आकडेमोडसुद्धा त्याचं नाव गाळून नव्यानं टाइप झाली होती. वर जेवणाच्या वेळी ब्रँटनं मेयरशी त्याची ओळख करून दिली, "हा आमच्या ड्राफ्ट्समनपैकी एक." म्हणजे दुसऱ्याच्या गणितावर रेघा ओढणारा! हेमचंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली प्लेट तशीच ठेवून तो बाहेर पडला. मॅच अजून सुरूही झाली नव्हती. इथे पुन्हा पाऊल टाकणार नाही, अशी शपथ त्यानं पार्किंगमध्येच घेतली.

खरं काय ते घरी मुलीला ठाऊक होतं. सुलेखा तेव्हा अकरा वर्षांची. शाळेत ती छाती फुगवून सांगायची, "माय डॅड मेड द अप्पर डेक." त्या मजल्याला त्याचं नाव लावणारं सबंध शहरात तेवढं एकच माणूस होतं.

हेमचंद्रनं मग नेटानं अभ्यास करून लायसन्स मिळवलं, फर्म सोडली आणि कमी पगारावर शहराच्या बांधकाम खात्यात नकाशे तपासायला जाऊन बसला. मित्रांना वाटलं, याचं डोकं फिरलं. डोकं अगदी ताळ्यावर होतं. शहरात काहीही बांधायचं तर ब्रँटचे नकाशे याच टेबलावरून जाणार होते. जिन्याचा कठडा अर्धा इंच कमी? परत. दार कुठल्या बाजूला उघडतं ते लिहिलेलं नाही? परत. नियम सोडून त्यानं लाल पेन्सिलीची एक रेघ मारली नाही. नियमात राहून माणसाला कसं रडवायचं, हे तो पुण्यातल्या कचेऱ्यांत हेलपाटे घालताना शिकला होता.

पण एवढ्यानं उट्टं निघत नव्हतं. १९८७ च्या उन्हाळ्यात त्याचं नशीब उघडलं. स्टेडियमचा वरचा मजला हलतो, अशा तक्रारी खात्याकडे येऊ लागल्या. तपासणीचं काम हेमचंद्रनं मागून घेतलं, शपथ गुंडाळून ठेवली आणि एका दुपारी सुलेखाला घेऊन मॅचला गेला. वरच्या मजल्यावर जागा घेतली. सहा इनिंग झाल्या, काही हललं नाही. ब्रँटनं नक्कीच हलक्या प्रतीचं पोलाद वापरलं असणार, असं तो मनात म्हणत होता.

सातव्या इनिंगच्या मध्यावर सुलेखानं त्याचा हात ओढला. "बाबा, स्टँड अप! सगळे उभे राहतात."

सगळे म्हणजे खरोखर सगळे. हजारो माणसं एकदम उठली, गाऊ लागली, एका तालात डुलू लागली, पाय आपटू लागली. आणि हेमचंद्रच्या पायाखालची जमीन झोक्यासारखी वरखाली झाली.

एका क्षणात त्याला उमगलं. पोलाद उत्तम होतं, चूक त्याच्याच गणितात होती. माणसांचं वजन त्यानं चोख धरलं होतं, पण खुर्चीत बसलेल्या माणसांचं. त्यानं जन्मभर पाहिलेली गर्दी क्रिकेटची. तिथे ज्याला वाटेल तो, वाटेल तेव्हा उठतो. हे लोक दर मॅचला ठरल्या वेळी एका तालात नाचतात, हे त्याला कधी कळलंच नव्हतं. त्यानं सोळा हजार खुर्च्या मांडल्या आणि बेसबॉलची एक मॅचही पाहिली नव्हती.

गाणं संपलं, लोक बसले. हेमचंद्र उभाच राहिला, कारण त्याला दुसरी गोष्ट सुचली होती. शिक्का ब्रँटचा आहे. पाटी ब्रँटची आहे. मग चूकही ब्रँटचीच. इतका आनंद त्याला मजला उभा राहिला तेव्हाही झाला नव्हता.

त्याच्या रिपोर्टवर मजला बंद झाला, ब्रँटची चौकशी लागली. सुनावणीच्या आदल्या दिवशी ब्रँट त्याच्या टेबलाशी आला. तीन वर्षांत म्हातारा झाला होता.

"गणित तुझं होतं, हे तुला माहीत आहे. तेवढं सांग," तो म्हणाला. "दोघांचं काम ठरलं तर दंडावर निभावेल. माझ्या एकट्याचं ठरलं तर लायसन्स जाईल. पाटीवर तुझं नाव घालतो, पहिलं घालतो."

हेमचंद्रनं त्याला उभंच ठेवलं. "मी ड्राफ्ट्समन, सर. गणित माझं काम नव्हे," तो म्हणाला. ब्रँटचा चेहरा त्यानं डोळे भरून पाहिला.

सुनावणीला तो सुलेखाला मुद्दाम घेऊन गेला. बापाला ज्यानं खाली पाहायला लावलं, तो खाली पाहताना तिला दिसावा, एवढीच त्याची इच्छा. वकिलानं विचारलं, "वरच्या मजल्याचं डिझाइन कुणी केलं?"

"मिस्टर ब्रँट यांनी."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"ते सांगतील तशा रेघा मारल्या."

ब्रँटनं कपाळाला हात लावला. संध्याकाळपर्यंत त्याचं लायसन्स गेलं.

परतताना गाडी पुलावर आली तेव्हा सुलेखा म्हणाली, "बाबा, यू टोल्ड मी यू मेड इट."

"हं."

"सो यू लाइड. त्यांना, ऑर मला?"

हेमचंद्रनं स्टिअरिंग घट्ट धरलं. ब्रँट अपील करणार होता. खरं सांगितलं असतं तर पोर शाळेत बोलली असती, गोष्ट गावभर झाली असती, आणि हातात आलेला ब्रँट सुटला असता. त्याची जीभ अडखळली नाही.

"तुला," तो म्हणाला.