शब्द कुठला, ते विचारायचं नसतं

राळेगावात इंग्रजीचा मास्तर असलं की माणूस अर्धा डॉक्टर आणि अर्धा वकील आपोआप होतो. लोक शब्द घेऊन येतात. कोणाला 'शेड्यूल' म्हणावं की 'स्केड्यूल' हे हवं असतं, कारण उद्या हार घालून घ्यायचा असतो आणि चार शब्द बोलायचे असतात. कोणाजवळ कोर्टाच्या कागदावरचा एखादाच शब्द असतो. रीत एकच: शब्द कुठून आला, ते मास्तरनं विचारायचं नाही. घरातलं दुखणं असेल, भावकीचं भांडण असेल. मी अर्थ सांगतो, ते 'हाव सर' म्हणतात, विषय संपतो.

फवारणीच्या दिवसांत एका दुपारी माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. तिचा नवरा त्या वेळी कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आडवा पडला होता आणि दवाखान्यात जायला तयार नव्हता. मला हे माहीत नव्हतं. मला फक्त अक्षरं ऐकू येत होती.

"सर, बी, एल, यू, डबल आर, ई, डी. काय होते?"

"ब्लर्ड. म्हणजे धुरकट." उच्चारही दोनदा करून दाखवला, तेवढी हौस आहे.

पलीकडे कुजबुज झाली. "हाव," ती म्हणाली. हे नेहमीचं हाव नव्हतं. काहीतरी ताडून पाहिल्यासारखं होतं.

"आता टी, डब्ल्यू, आय, टी, सी, एच, आय, एन, जी."

"ट्विचिंग. पापणी आपोआप फडफडते ना, तसं अंगातलं मांस फडफडणं."

पलीकडे कापड वर सरकवल्यासारखी सळसळ झाली.

"हाव. मांडीले बी हाये."

"कोणाच्या मांडीला?" मी रीत मोडली.

"ह्यायच्या, सर. सकायपासून फवारून राह्यले होते. ऊन लागलं म्हणते. डब्यासंगच्या कागदावरलं मराठी औषधानं भिजून गेलं. आता म्हणते, माह्यं दुखणं कागदात लिहून असन तं येतो, नाही तं कायले नाटक?"

मागून त्याचा आवाज आला, तोंडात पाणी धरून बोलावं तसा. "सरले इचार, मरन लिहून हाये का त्याच्यात?"

तिनं विचारलं नाही. पुढची अक्षरं वाचली. "एफ, ए, टी, ए, एल."

या वेळी मी उच्चार सांगितला नाही.

"लिहून आहे," मी म्हणालो. "त्याला फोन दे."

"बोला, सर."

"सगळं लिहून आहे. तुला होतंय तेच. ते फवारणीचे कपडे काढ आणि गाडीवर बस."

तो हसला. हसताना त्याला ठसका लागला, तो थांबेना. "कंपनीवाले बी लय शिकेल हायेत," तो म्हणाला. मग फोन खाली पडल्यासारखा आवाज झाला, आणि ती कोणाला तरी हाका मारत राहिली.

मी तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो, तोवर त्याला आणलं होतं. हात खाटेला बांधले होते, कारण तो सलाईन उपटत होता. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं.

"ही लक्षणं कधीपासून?"

"दुपारपासून," ती म्हणाली. "अर्थ माहीत नोयता, सर."

"थोडं आधी आणलं असतं तर…" डॉक्टरांनी वाक्य तिथंच सोडलं आणि नर्सला हाक मारली. ती माझ्याकडे पाहत राहिली, पुढचं मी सांगेन म्हणून. खाटेवर त्याची छाती वर जात होती, आणि खाली यायला फार वेळ लावत होती.