शिसपेनीत लिहिलेली उत्तरं

एखादी वही रद्दीत घाला असा आदेश जो काढतो, त्यानं ती वही उघडून पाहिलेली असते, असं तुम्हाला खरंच वाटतं?

मला वाटत नाही. जळगावच्या ज्या अध्यापक विद्यालयात मी डी.एड. केलं, ते विद्यार्थी मिळेनात म्हणून बंद झालं. ग्रंथालयाची खोली शनिवारपर्यंत रिकामी करा, असं पत्र आलं. पत्रात टेबलं, पंखे, नकाशे यांची नावानिशी यादी होती. तीन कपाटं भरून असलेल्या आमच्या पाठ टाचणाच्या वह्यांना मात्र दोनच शब्द मिळाले होते: जुने कागद.

पाठ टाचण म्हणजे शाळेत सराव पाठ घ्यायला जाण्याआधी होऊ घातलेल्या शिक्षकानं लिहून काढायचा बेत. डाव्या रकान्यात मी काय विचारणार, उजव्या रकान्यात मुलं काय सांगणार. मुलांची उत्तरं आम्ही आदल्या दिवशीच लिहून मोकळे व्हायचो. सगळीकडे असंच चालतं. आमच्याकडे एका सरांनी, मी शिकायला जाण्याच्या कितीतरी आधी, त्यात एक भर घातली होती. पाठ संपला की शाळेच्या पायरीवर बसायचं आणि मुलांनी खरोखर जे उत्तर दिलं ते शाईच्या उत्तराखाली शिसपेनीनं लिहायचं, मुलाच्याच बोलीत. सर निवृत्त झाले, पुढे वारले. रीत राहिली.

शाईत असायचं: गाय आपल्याला दूध देते. खाली शिसपेनीत: ‘गाय नही शे आमनी. बकरी शे.’ सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेतला प्रश्न, वडील काय करतात. शाईत: शेती. शिसपेनीत: ‘पानी पडना तं शेती, नही तं मजुरी.’ रावेरकडच्या एका वहीत प्रश्न होता, झाडाला फळं कधी येतात. शाईत: दरवर्षी. शिसपेनीत: ‘केयीले एकच डाव घड येतो. मंग खोड कापा लागते.’ केळीच्या बागेत वाढलेल्या पोरानं शिक्षकालाच शिकवलं होतं, आणि त्या शिक्षकानं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. अमळनेरला माझे वडील चळवळीची पत्रकं वाटायचे, ‘जनता’ हा शब्द मी त्या पत्रकांवरच वाचायला शिकले. जनता नेमकं काय म्हणते, ते मात्र पहिल्यांदा या वह्यांत वाचलं.

या वह्या जमवल्या आमच्या ग्रंथपालांनी. त्यांना सगळे अक्का म्हणतात. विद्यालय सोडताना ग्रंथालयाची पुस्तकं परत केल्याचा दाखला लागे, त्यावर अक्कांची सही लागे, आणि टाचणाची एक वही कपाटात जमा केल्याशिवाय अक्का पेन उघडत नसत.

“अक्का, घरी दाखवायची होती हो,” माझी मैत्रीण म्हणाली होती.

“घरी तू स्वतः जाणार आहेस ना? मग वही कशाला, स्वतःलाच दाखव.”

आम्ही कुरकुरत वही ठेवायचो. सरकारी नियम आहे, दुसरं काय करणार.

शुक्रवारी पाहणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. मी निवृत्त झालेल्या अक्कांना घरून घेऊन आले होते. साहेबांनी विचारलं, “या वह्या कोणत्या नियमानं ठेवल्यात?” मी पुढे झाले. “साहेब, हा इथल्या मुलांचा आवाज आहे, आणि तो दडपण्याचा अधिकार...”

“पहिले सुतळी बांध, मंग भाषण कर,” अक्का मला म्हणाल्या. मग साहेबांकडे वळून शांतपणे, “नियम नव्हता, साहेब. मीच सांगत होते.”

“आणि इतकी वर्षं सगळे देत गेले?”

“कुणी विचारलंच नाही.”

मीही विचारलं नव्हतं. साहेबांनी नोंदवही मागवली, पानं उलटली. एकाही वहीची नोंद नाही. ते खुर्चीत मागे टेकले. “नोंद नाही म्हणजे या विद्यालयाच्या नाहीत. विद्यालयाच्या नाहीत, तर मी रद्दीत काढायचा आदेश कशाचा देऊ?”

“मग कुणाच्या?” मी विचारलं.

“ज्यांनी लिहिल्या त्यांच्या. घेऊन जा, बाई. उद्याच्या आत.”

मला आजवर नियमांशी भांडणारी माणसं मोठी वाटत आली. नसलेला नियम एकटीनं सांभाळणारी बाई मी त्या दिवशी पाहिली, आणि तिच्या हाताखाली शिकले याचा मला जन्मभर अभिमान राहील.

धुळ्यात एक अध्यापक महाविद्यालय अजून भरतं. त्यांनी या वह्यांसाठी कोरडी खोली दिली आहे. तिथले विद्यार्थी मऊ ब्रशनं एकेका पानावरची धूळ झटकतात, शिसपेन पुसट होण्याआधी त्याचे फोटो काढतात, कोणत्या गावची बोली ते लिहितात. सराव पाठ घ्यायला जाताना तेही आता शिसपेन नेतात. पण महाविद्यालयाची एक अट आहे: जिनं किंवा ज्यानं वही लिहिली, त्यांची लेखी संमती हवी. मला राग आला. अक्कांना नाही आला.

“बरोबर शे त्यासनं,” त्या म्हणाल्या. “मी कोनले इचारं नव्हतं.”

माझी वही संमतीसह धुळ्याला गेली. मैत्रिणींच्या गेल्या. उरलेल्या जळगावातच, मेहरूणच्या तलावाजवळ अक्कांच्या बाहेरच्या खोलीत आहेत. दिवाणावर वह्या आणि पाहुणे स्टुलावर. तलावाची ओल भिंतीला चढते. गेल्या महिन्यात एका गठ्ठ्यातल्या खालच्या तीन वह्यांची दमट पानं एकमेकांवर घासली आणि शिसपेनीचं अक्षर वाचता येईना. शाई होती तशी होती.

म्हणून, तुम्ही त्या विद्यालयात शिकला असाल, तर आजच एक कागद घ्या. ‘टाचणाची वही माझी आहे, ती जपा, कुणालाही वाचू द्या’ एवढं लिहा, सही करा आणि मेहरूणला अक्कांच्या हाती द्या. तुम्ही शिकला नसाल, तर ज्या गुरुजींनी किंवा बाईंनी तुम्हाला शिकवलं, त्यांना फोन करून विचारा, त्यांची वही तिथं आहे का.