गोदूआजी, श्रीपत आणि वार लावून जेवणारा कुत्रा

गोदूआजीनं माफ केलेला माणूस अख्ख्या पोलादपूर तालुक्यात शोधून सापडायचा नाही. एकदा ती कापड्याच्या फाट्यावर धापा टाकत येताना दिसली, तरी एका कंडक्टरनं घंटी मारली. पुढे वर्षभर, तो गाडीवर असला की आजी फाट्यावर उभी राहून हात दाखवायची. गाडी थांबायची. आजी दारातून आत वाकायची, त्याला नीट न्याहाळायची आणि म्हणायची, "काय नाय. जा." शेवटी त्यानं बदली करून घेतली. आजी हळहळली. म्हणाली, "माझं अजून व्हायचं व्हतं, तवर पळाला."

कापड्याच्या वर तासभर चढलं की आमची वाडी. सात घरं, आणि घरागणिक निम्मी माणसं मुंबईला. आजीचे दोन्ही मुलगे तिकडेच. तिच्याजवळ उरली अकरा शेरडं आणि कोल्ह्या नावाचा कुत्रा. तांबूस रंग, निमुळतं तोंड, म्हणून कोल्ह्या. तो निजायचा आजीच्या गोठ्यात, पण राखण करायचा सगळ्या वाडीच्या शेरडांची. म्हणून फार पूर्वीच ठरलं होतं की त्याला सगळ्यांनी घालायचं. सात घरं, सात वार. सोमवार चांगूकडे, मंगळवार आमच्याकडे, असं करत शनिवार श्रीपतकडे आणि रविवार आजीकडे. ज्याचा वार त्यानं सकाळी गोठ्यापुढच्या दगडी डोणीत अन्न आणून ओतायचं. कोल्ह्या वार लावून जेवायचा.

त्यानं काय काय गिळलं असेल! सोमवारी तिखटजाळ सुकटीचं कालवण, मंगळवारी आमच्या आईची शिळी भाकरी, गुरुवारी चार दिवसांचं आंबट ताक. पोट त्याचं मुळातच नाजूक. आठवड्यातले चार दिवस तो हगवणीनं बेजार, तीन दिवस ओकून. बरगड्या मोजून घ्याव्यात. कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे वाघजाईचा कोप आहे. आमच्या आईनं, म्हणजे सोनाबाईनं, त्याच्यावरून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. त्यातल्या दोन मिरच्यासुद्धा त्यानं खाल्ल्या.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालच्या माघात, एका रविवारी दिवस कलताना शेरडं माळावरून परतत होती. करवंदीच्या जाळीतून बिबट्या निघाला. कोल्ह्या तेव्हा बांधाखाली पाय पसरून पडला होता. सकाळपासून पोटात पाणी ठरलं नव्हतं. त्यानं मान उचलली, भुंकायला तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. बिबट्यानं आजीची तांबी शेळी नेली. तांबी गाभण होती, आणि आजीच्या हातावर वाढलेली.

आजी रडली नाही. बांधावर बसून तिनं कोल्ह्याच्या पोटाला हात लावला आणि म्हणाली, "ह्याला कुनी घातलं काय, ते मी काढनार. मग बगते."

दुसऱ्या दिवशी वाघजाईच्या देवळात बैठक बसली. श्रीपत सर्वांत आधी बोलला. हा मुंबईची गिरणी बंद पडल्यावर गावी आलेला. बायको-पोरं तिकडेच, हा एकटा इथं. पोलादपूरच्या स्टँडजवळ वड्याची गाडी लावायचा. कॉलर मागं सारत, डोळे अर्धे मिटून बोलायची त्याची तऱ्हा होती.

"क्या है ना येसाजीबाबा, ये कुत्ता खतम हो गया. टोटल फेल. पोत्यात घालू, आंबेनळी घाटात सोडू. माजा मेव्हना भोईवाड्यास्नं अल्सेशन आनतो. काय त्येचा आवाज! वाघाला जाग्याव हार्ट अ‍ॅटॅक!"

"ह्या कुत्र्यानं सात वर्सं तुज्याबी शेळ्या राखल्या, रे," आजी म्हणाली.

"काकी, सेंटिमेंट नको. प्रॅक्टिकल बोल."

येसाजीबाबा वाडीतले वडीलधारे. ते वाक्य बोलण्याआधी तीनदा खाकरत. "ह्म्‌... ह्म्‌... ह्म्‌... होलीपत्तुर बगू. तवर बरा झाला तर ऱ्हाईल. नाय तर श्रीपत म्हंतो तसं."

आजीच्या हातात महिना-सव्वा महिना होता. तिनं कोल्ह्याला टोपलीत घातलं, टोपली डोक्यावर घेतली आणि डोंगर उतरून पोलादपूरला जनावरांच्या डॉक्टरकडे गेली. सोबत मी; मी तेव्हा नववीत होते आणि मला शाळेत जायचंच होतं. डॉक्टर पुण्याकडचे, बोलणं अगदी इस्त्री केलेलं.

"आजी, ह्याला रोग नाही. ह्याला सात स्वयंपाकघरं झाली आहेत. नाजूक पोटाला रोज नवं अन्न चालत नाही. एकच साधा आहार द्या. मीठ नको, तिखट नको, तेल तर मुळीच नको. थोडं थोडं, दिवसातून तीन वेळा. पोट बसलं की मग एकेक पदार्थ वाढवून पाहा. एका वेळी एकच. म्हणजे काय सोसत नाही ते नेमकं कळेल."

आजीचे डोळे चमकले. "म्हंजी कुनाच्या घरचं बादतं, ते कळंल?"

"कुणाच्या नव्हे आजी, काय बाधतं ते."

"त्येच त्ये," आजी म्हणाली.

परतल्यावर तिनं सातही वार बंद केले. मऊ शिजवलेल्या तांदळात नाचणीची पेज, दोन दिवसांआड एक उकडलेलं अंडं. मिठाचा कण नाही. पहिल्या दिवशी कोल्ह्यानं डोणीकडे बघून असं तोंड केलं, जसं काही त्याला फसवून लग्नाला आणलं आणि वाढला वरणभात. पण भूक होती. खाल्लं.

आणि रोज सकाळी आजी त्याच्या मागं. तो बांधाकडे निघाला की ही पदर खोचून पाठोपाठ. वाकून बघायची आणि परत येताना विहिरीवरच्या बायकांना ओरडून सांगायची, "आज पातळ!" तीन दिवस पातळ. चौथ्या दिवशी, "आज बरं!" आठव्या दिवशी वाडीभर आवाज घुमला, "घट्ट गो, घट्ट!" आमची आई हातातली घागर ठेवून हसत बसली.

दहा दिवसांनी आजीनं एकेक वार परत सुरू केला. पण घरी जाऊन बजावून. चांगूच्या दारात उभी राहून म्हणाली, "सुकट घालायची तर उकडून घाल. मिरची दिसली तर तुज्या डोल्यात घालीन." चांगूनं उकडून घातली. घट्ट. आमची ताजी भाकरी, पेजेत भिजवून. घट्ट. ताक मात्र सोसलं नाही, ते तिनं कायमचं बंद केलं. एकेक घर असं पार पडत गेलं आणि कोल्ह्याच्या बरगड्या झाकत चालल्या.

शेवटी राहिला शनिवार.

"काकी, आपुन त्याला दूध-पाव देतो," श्रीपत म्हणाला. "बटरवाला पाव. लालबागला शेठलोकांचे कुत्ते हेच खातात."

रविवारी सकाळी आजी बांधावरून परतली ती काहीच न ओरडता. विहिरीवरच्या बायका वाट बघत राहिल्या. आईनं विचारलं, "काय गो, आत्ये?" आजी म्हणाली, "काय नाय." कंडक्टरला म्हणायची, अगदी त्याच आवाजात. मला तेव्हाच श्रीपतची कीव यायला हवी होती. आली नाही.

आठवडाभर पुन्हा पेज, पुन्हा घट्ट. पुढचा शनिवार होळीच्या आधीचा; बैठकही त्याच दिवशी. उजाडताना श्रीपत डबा घेऊन आला, डोणीत ओतून गेला. आजीनं कोल्ह्याला आधीच आत बांधलेलं होतं. ती बाहेर आली आणि डोणीत वाकली. दूध नव्हतं, पाव नव्हता. कढईच्या तळाचा, आठ दिवसांचा, काळ्या तेलात थबथबलेला वड्यांचा चुरा. वर करपलेल्या मिरच्या. आजीनं तो हातानं निपटून जर्मनच्या पातेल्यात भरला आणि वर फडकं बांधलं.

देवळात सगळे जमले. येसाजीबाबा तीनदा खाकरले. "कुत्रा तर बरा दिसतोय."

"दिसतोय," श्रीपत म्हणाला, "पन गॅरंटी काय? गेल्या संडेला पुन्हा लूज मोशन झालं त्याला. काकीनं लपवलं."

"नाय लपवलं," आजी म्हणाली. "सांगायला आजचा दिवस धरून ठेवला. श्रीपत, तू काय घातलंस त्याला?"

"बोललो ना. दूध-पाव."

"चांगलं व्हतं?"

"अरे, फस्क्लास! मी घालतो ते मानूस खाईल, मानूस!" आणि भरीला त्यानं वाघजाईच्या पायरीवर हात ठेवला.

आजीनं पदराखालून पातेलं काढलं, त्याच्यापुढं ठेवलं आणि फडकं सोडलं. त्या वासानं येसाजीबाबा न खाकरताच बोलले, "आई गं!"

"तुज्याच हातचं हाय," आजी म्हणाली. "आज सकाली डोनीत ओतलंस त्ये. मानूस खाईल म्हनलास. पायरीव हात हाय तुजा. खा."

श्रीपतनं इकडे तिकडे पाहिलं. चांगू हात जोडून देवीकडे बघत होता. बाकी सगळे श्रीपतकडे. हात पायरीवरून उचलावा तर खोटा, खावं तर मेला. त्यानं एक घास घेतला.

"कसा हाय?"

"ब... बराय."

"कोल्ह्या एवडं समदं खायचा. वार पुरा कर."

त्यानं वार पुरा केला. बोटानं पातेलं पुसून घेईपर्यंत आजी समोरून हलली नाही. मग तिनं येसाजीबाबांना विचारलं, "भावजी, कुत्रा ऱ्हानार?"

"ऱ्हानार," बाबा म्हणाले. "आनि सगल्यांनी नाचनी-तांदूळ तुज्याकडं द्यायचं. शिजवायचं एका चुलीव."

होळीला पालखी पहिल्यांदा खांद्यावर घ्यायचा मान श्रीपत दरवर्षी भांडून घेई. पांढरा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा, वर "हटो, हटो!" त्या वर्षी पालखी त्याच्या दारावरून नाचत गेली आणि घरामागून नुसता तांब्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी तो भिंतीला धरून आजीच्या दारात उभा राहिला.

"काकी... पोटात काय टिकत नाय. पेज हाय का गो?"

हिंदी पार निघून गेली होती.

आजीनं त्याला गोठ्यापुढं बसवलं आणि वाडगाभर पेज दिली. मीठ मागितलं तर म्हणाली, "डॉक्टर नको म्हनलाय." तो प्यायला. शेजारी डोणीत कोल्ह्या तीच पेज पीत होता. त्याचं आधी संपलं आणि मग तो श्रीपतच्या वाडग्याकडे बघत बसला.

श्रीपत चार दिवसांत सुधारला. पण आजीचं अजून व्हायचं होतं. रोज सकाळी तो गाडीसाठी डोंगर उतरायला निघाला की ती विहिरीवर उभी राही. कधी फाट्यापर्यंत मागं जाई. स्टँडवर गिऱ्हाइकांची गर्दी असली तर खास पोलादपूर गाठी. आणि वड्याच्या गाडीपुढं उभी राहून, काळजीनं भिजलेल्या आवाजात, साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असं विचारी,

"श्रीपत, काय रे, आज कसं? पातळ का घट्ट?"

पहिले काही दिवस तो झारा आपटायचा. मग मान खाली घालून पुटपुटायला लागला, "घट्ट, काकी."

"मोठ्यानं बोल. ऐकाया कमी येतं मला."

आजीला पलीकडच्या डोंगरावरची शेळी ओरडलेली ऐकू यायची.

वर्ष भरायला अजून चार महिने होते, तेव्हा श्रीपतनं गाडी महाडला हलवली. आजीनं ते ऐकलं, कोल्ह्याच्या डोणीत पेज ओतली आणि मला विचारलं, "महाडची पयली यष्टी कितीला, गो?"