आधी पाणी, मग मी

"तुझा आई गेला गं…" पुण्यात सकाळी फोन उचलला आणि जयामामींचा आवाज ऐकू आला. जयामामी म्हणजे चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या आमच्या घरासमोरच्या दारातल्या. मराठी त्यांना आईनेच शिकवली होती, फक्त 'तो' आणि 'ती'चा घोळ शेवटपर्यंत राहिला. ही बातमी तमिळमध्ये सांगणं त्यांना किती सोपं गेलं असतं! पण आईचं जाणं आईच्याच भाषेत सांगायचं, असं त्यांनी ठरवलं असावं.

दिवसकार्य आटोपून मी पुण्याला परतले. भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी उसासा टाकला, "बिचारी! सगळा जन्म परमुलखात चुलीपुढे गेला." घरात दुखवट्याची माणसं होती म्हणून मी त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला. पण आता काही आठवडे उलटलेत आणि ते 'बिचारी' अजून माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आई साताऱ्याची. लग्न होऊन मद्रासला आली तेव्हा बाबा रेल्वेत कारकून होते. तमिळचा एक शब्द तिला येत नव्हता. पहिल्या घरमालकिणीने लसणाच्या वासावरून नाक मुरडलं, तर आईने दुसऱ्या दिवशी लसणाची चटणी वाटून तिच्याच दारात नेऊन दिली. महिन्याभरात ती बाई वाटी घेऊन परत आली… आणखी मागायला. तमिळ आई भाजीवाल्यांशी घासाघीस करत शिकली. व्याकरण कधी जमलंच नाही. "त्यांना कळतं ना? मग झालं," म्हणायची.

मी कॉलेज संपवलं आणि जॉर्ज टाउनमधल्या एका जहाज-एजंटाच्या कचेरीत मला नोकरी लागली. बंदराजवळचा तो भाग म्हणजे हमाल, हातगाड्या आणि घाऊक व्यापारी. बाबा म्हणाले, "तिथे बायका दिसत नाहीत." पोळी लाटता लाटता आई म्हणाली, "उद्यापासून एक दिसेल." बाबा काळजीने येरझारा घालू लागले तेव्हा तिने माझा डबा भरला आणि म्हणाली, "ती कामाला जाईल. तुम्ही घरी बसून घाबरा." बाबांनाही हसू आलं. त्या कचेरीत मी लग्न होऊन पुण्याला येईपर्यंत टिकले ते त्या डब्याच्या बळावर.

बाबा गेले तेव्हा मी तिला पुण्याला घेऊन आले. एकुलती एक मुलगी मी, दुसरं कोण बघणार? पंधरवडा कसाबसा काढला तिने. मग एक दिवस पिशवी भरून उभी राहिली. "इथे सगळेच मराठी बोलतात गं. भांडायला मजा नाही." आणि गेली परत, एकटी.

त्यानंतर चेन्नईत तो पाण्याच्या टंचाईचा उन्हाळा आला. विहिरी आटल्या, नळ कोरडे पडले. गल्लीत टँकर यायचा, पण आधी कोपऱ्यावरच्या लग्नाच्या हॉलमध्ये वळायचा आणि उरलंसुरलं आमच्या गल्लीला मिळायचं. बायका प्लास्टिकच्या घागरी मांडून तासन् तास उभ्या. एका सकाळी आईने वेताची खुर्ची उचलली, छत्री घेतली आणि भर रस्त्यात टँकरसमोर जाऊन बसली. तेव्हा तिची सत्तरी उलटलेली! ड्रायव्हरने हॉर्न वाजवून पाहिलं. मग खाली उतरून आजीला विनवावं तसं विनवलं, "पाट्टी, उठा ना." तिने आपल्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं, "मोदल्ल तण्णी, अप्परम नान." आधी पाणी, मग मी.

हॉलचा मॅनेजर धावत आला. "तुम्ही बाहेरच्या माणसांनी यात पडू नये," तो म्हणाला. आईने छत्री मिटली. "मी या गल्लीत आले तेव्हा तुझा जन्म झाला नव्हता. बाहेरचा तू." वरच्या गॅलरीतून सोसायटीचे पुरुष तिला हातानेच 'उठा, उठा' करत होते. आणि तेवढ्यात, नवऱ्यापुढे कधी मान वर न केलेल्या जयामामी घागर घेऊन जिना उतरल्या. घागर पालथी घातली आणि आईशेजारी बसल्या. मग एकेक करून साऱ्याच बसल्या. दुपारी पाणीपुरवठ्याचा अधिकारी आला, आणि त्या दिवसापासून टँकर आधी गल्लीत थांबू लागला. हे सगळं मला मामींकडून कळलं. मी फोनवर आईला रागावले, "उन्हात काही झालं असतं म्हणजे?" ती म्हणाली, "तुमच्या पुण्यात मला कोणी रस्त्यात बसू दिलं असतं?"

पुढे हृदय थकलं. डॉक्टरांनी जिना बंद केला. शेवटची भेटले तेव्हा बोलताना मध्येच थांबायची… दम घ्यायची… पण सूर तोच. "मला इथेच जाळा. आणि राख गोदावरीपर्यंत फिरवू नका. इथे समुद्र आहे." ती गेल्यावर काका अडून बसले, अस्थी नाशिकलाच न्यायला हव्यात. मी म्हटलं, "काका, तिने सांगून ठेवलंय." ते म्हणाले, "लोक काय म्हणतील?" मी कलश उचलला. जयामामी आणि मी समुद्रावर गेलो. लाट आली, पाय भिजले, आणि मामींनी माझा हात घट्ट धरला.

निघायच्या दिवशी मी घराला कुलूप लावत होते, तर मामी म्हणाल्या, "किल्ली मला दे." मी दिली. आता दुपारी त्या आईचं घर उघडतात, स्वयंपाकघरात कॉफी ठेवतात आणि बिल्डिंगमधल्या बायका तिथे जमतात. कुणी रडून घेते, कुणी सुनेला कामाला पाठवायचं ठरवते, कुणी नुसतीच पाय पसरून बसते. घरोघरचे पुरुष कुरकुर करतात म्हणे, भर दुपारी या सगळ्या जातात तरी कुठे!

करू देत कुरकुर. दार उघडंच राहील.