चारशेची लेन्स आणि बालाजीची चढाई

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना एकाच्या नाकातून आला होता! घोळ मी आयुष्यात बरेच घातले. एका लग्नात नवरी सोडून करवलीचेच फोटो काढून आलो, तेही लोकांनी पोटात घातलं. पण कबड्डीच्या लेन्सचं जे झालं, ते आमच्या घरात अजून निघतं.

परभणीत माझा फोटो स्टुडिओ होता तेव्हाची गोष्ट. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, पिंगळीच्या पुढं एका खेड्यात दिलेली. गावाचं नाव सांगत नाही. तेव्हाचे खेळाडू आता तिथले पुढारी झालेत, उगाच माझ्या जिवावर उठतील.

तिचा बालाजी शाळेच्या कबड्डीत फार गाजलेला. पण मैदानावर बायका जात नसत. त्यात दाजींनी ठरवलेलं, पोराला आता शाळेतून काढून शेतात घालायचं. म्हणजे यंदाची फायनल हाच त्याचा शेवटचा सामना.

"सारं गाव माझ्या लेकराचं कवतिक करायलंय, अन् मीच त्याला खेळताना बगितलं न्हाई," आक्का म्हणाली. "एक फोटू काढ बाबा. तोंड नीट दिसू दे."

मला एकदम भरून आलं. आणि मला भरून आलं की मी हमखास नको ते करतो! तडक हैदराबादची गाडी पकडली, लेन्स आणायला.

दुकानदार भला माणूस. "मियाँ, बच्चों की कबड्डी है ना? एक सौ पैंतीस की बस होती. ये चार सौ वाली तो चिड़ियाँ के वास्ते है."

पण ती चारशे मिलिमीटरची डोळ्यांसमोर होती ना! हातभर लांब, तोफेसारखी. मला वाटलं, जेवढी लांब तेवढी भारी. तुम्हीच सांगा, समोर तोफ असताना पिचकारी कोण उचलतं?

सामन्याच्या दिवशी थंडी मरणाची. मी माकडटोपी घातली, वरून मफलर गुंडाळला आणि मैदानाच्या रेषेपाशी उभा राहिलो. लेन्सला डोळा लावला तर सगळं धुरकट! मागं सरकत गेलो, एका म्हाताऱ्याच्या पायावर पाय दिला, तेव्हा कुठं एक वस्तू स्पष्ट दिसली. मिशी! झुपकेदार, पीळ दिलेली. आणि स्पर्धा कोणाची? सतरा वर्षांखालच्या मुलांची!

याचं तिथं कुणाला नवल नव्हतं म्हणा. दहावीला पुन्हा पुन्हा बसणारे गडी दोन्ही संघांत असायचे, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांना समजून घ्यायचे. आमचा बालाजीही त्यांतलाच.

समोरच्या संघाचे सर माझ्याजवळ आले. "काय वो, एवढं मोठं नळकांडं कामून आणलंय?"

इथं मला मिजास नडली. "सर, याच्यातून मिशीचा केस न् केस मोजता येतो! माणसानं किती पावसाळे बघितले, ते फोटोत कळतं!"

सर एकदम गार पडले आणि जाऊन बालाजीच्या सरांच्या कानाला लागले. मला वाटलं, लेन्स बघून दिपले.

जवळून काही जमेना, म्हणून मी शेजारच्या ज्वारीत गेलो आणि पाखरं राखायच्या उंच माळ्यावर चढून बसलो. आता काय दिसत होतं म्हणता! एकेकाच्या कपाळावरचा घामसुद्धा.

लेन्स मिशीवाल्यावर धरली, तो पोट धरून खाली बसला. दुसऱ्यावर धरली, तो लंगडत बाहेर गेला. तिसऱ्यानं तर तोंडाला रुमालच बांधला! आज या पोरांना काय बाधलंय, मला कळेना.

तेवढ्यात बालाजीची चढाई आली. त्याच्या तोंडावर लेन्स आणतोय, तोच त्याच्या सरांनी बोंब ठोकली, "बालाजी, पळ! माळ्यावर सायेब बसलाय! वयाचे फोटू काढायलाय! नाव कटंल तुझं!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. माकडटोपीतला मामा कुठला ओळखू यायला? मैदानाची दोरी ओलांडून तो जो सुटला!

"आरं, मी हाय! मामा!" मी उभा राहून ओरडलो आणि ती तोफ हवेत हलवली. त्यानं तर तो आणखीच भ्यायला. पुन्हा लेन्स लावली. बांधावर त्यानं एकदा वळून बघितलं आणि माझ्याकडून बटण दाबलं गेलं. खट्!

मैदानात उरली ती दोन्हीकडची बारकी पोरं, वर्षभर नुसतं पाणी द्यायला ठेवलेली. ती जीव तोडून खेळली म्हणतात. मी काही बघितलं नाही, मी ज्वारीत बालाजीला हुडकत होतो.

तो कडब्याच्या गंजीमागं सापडला. "मामा, तुमी व्हता?" त्यानं अंगावरचा कडबा झटकला. "माझा शेवटचा सामना व्हता वो."

खरं सांगतो, मला रडू आलं. लेकराचा शेवटचा खेळ त्याच्या मामानंच मोडला होता.

आक्काला तोंड कसं दाखवायचं, या विचारात मी फोटो धुतला. आणि काय सांगू! असा फोटो मी जन्मात काढला नव्हता. एक पाय हवेत, केस उडालेले, डोळे बटाट्याएवढे, आणि चेहरा आरशासारखा स्वच्छ.

आक्कानं तो छातीशी धरला. "आगं बाई, कसं वाऱ्यावानी पळायलंय माझं लेकरू!"

दाजी तर फोटो खाली ठेवीनात. "असल्या पोराला शेतात कामून अडकवायचं? बसू दे आजून एक वर्स दहावीला, खेळू दे." माझ्या जिवात जीव आला. मग दाजींनी फोटो उजेडात नेला, उलटासुलटा केला.

"पर काय रे बालाजी, तुझ्या मागं एवढं लागलंय तरी कोण? ते दिसंना की यात."

बालाजीनं माझ्याकडं बघितलं, मग बापाकडं.

"ते कसं दिसंल, दादा? क्यामेरा त्याच्याच हातात व्हता!"