फोटोत न आलेले आकडे

माझे मोठे दीर जळकोटला एका क्रीडा मंडळाचे अध्यक्ष आहेत. कबड्डीच्या मैदानावर त्यांनी आयुष्यात पाय ठेवला तो फक्त बक्षीस द्यायला. तरी मुलींच्या कबड्डी स्पर्धा ते दर वर्षी न चुकता भरवतात, कारण स्पर्धा म्हटली की फ्लेक्स लागतो आणि फ्लेक्स म्हटला की त्यावर चेहरा लागतो.

मी नांदेडला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. घरी जेवणाच्या टेबलावर काही ना काही जोडत बसायची मला सवय आहे आणि सासरी त्याची यथेच्छ टिंगल होते. टिंगलीत सर्वात पुढे असणाऱ्या याच दिरांनी एकदा फोन करून माझ्याकडे गुणफलक मागितला. डिजिटल पाहिजे म्हणाले. डिजिटल म्हणजे काय, हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. चमकलं की झालं.

मी हो म्हणाले ते त्यांच्यासाठी नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी मुखेडच्या संघाची कर्णधार होती. तिचे वडील एसटीत कंडक्टर. लेकीचा सामना त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण अट घालून ठेवली होती: यंदा चषक घरी आला तर पुढच्या वर्षी खेळ, नाहीतर बास. तिचे गुण तरी कुणी पाटीवर खडूने लिहून हवे तसे पुसू नयेत, एवढंच माझ्या मनात होतं.

फलक चार आकड्यांचा, दोन एका संघाचे, दोन दुसऱ्याचे. एकेक आकडा दिव्यांच्या सात पट्ट्यांचा. प्रत्येक पट्टीला वेगळी तार ओढायची तर तारांचं जंजाळ होतं. म्हणून चारही आकडे त्याच सात तारांवर घ्यायचे आणि एका वेळी एकच पेटवायचा. पहिला विझला की दुसरा, मग तिसरा, चौथा, परत पहिला. हे इतक्या वेगात चालतं की डोळ्याला चारही आकडे सारखे पेटलेलेच दिसतात. तपासणीला सोपं जावं म्हणून हा वेग कमी-जास्त करायचा एक नॉब मी फलकाच्या मागे लावला होता.

दीर नांदेडला फलक बघायला आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, नाव कुठं येणार. मैदानावर फलक लागला तेव्हा त्याच्या डोक्यावर त्यांचा हात जोडलेला फोटो होता, माझ्या आकड्यांच्या दुप्पट. शिवाय माइकवरून जाहीर झालं की आमच्या मंडळानं कागद-पेन बंद केलंय, आता सगळं डिजिटल. गुण लिहिणाऱ्या गुरुजींना खरोखरच उठवून पाहुण्यांच्या रांगेत नेऊन बसवलं. एवढी अक्कल पाजळायला माणसाला अध्यक्षच व्हावं लागतं.

अंतिम सामना मुखेड विरुद्ध जळकोट झाला. उन्हं कलली होती, फलक मंडपाच्या सावलीत होता. शेवटच्या चढाईत मुखेडच्या कर्णधार मुलीनं दोघींना बाद केलं आणि शिट्टी झाली. फलकावर चौतीस–एकतीस. मुखेड जिंकलं होतं आणि ते सगळ्या मैदानानं पाहिलं होतं. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

तेवढ्यात दिरांनी आपला मोबाइल पंचांपुढे धरला. शिट्टी होताना त्यांनी फलकाचा फोटो काढला होता. फोटोत जळकोटच्या बाजूचा शेवटचा एकचा आकडा तेवढा पेटलेला, बाकी सगळा फलक काळा. फलक बिघडलाय, मुखेडचे गुण धरता येणार नाहीत, असं दीर म्हणाले. पंच त्यांच्याच संस्थेतले शिक्षक. त्यांनी फोटो बघितला आणि मान हलवली. त्यासाठीच त्यांना नोकरी दिली असावी.

मी जाऊन समजावलं की एका वेळी एकच आकडा पेटतो, बाकीचे तेवढ्यापुरते विझतात, डोळा ते जोडून घेतो आणि कॅमेरा घेत नाही. दिरांनी माझं बोलणं पुरतं होऊ दिलं आणि माइक हातात घेतला.

"म्हंजी मॅडम सोताच कबूल करून राहिल्यात," ते म्हणाले, "तीन आकडे बंद व्हते म्हणून."

लोक हसले. मला संताप आला. मी फलकाच्या मागे गेले आणि नॉब उलटा फिरवला. आकडे एकेक करून पेटू लागले. तीन, चार, तीन, एक. मग मी हळूहळू वेग वाढवत नेला, आकडे लुकलुकले आणि एकदम शेजारी शेजारी स्थिर उभे राहिले. शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना कळलं. टाळ्यासुद्धा पडल्या. दिरांनी त्याचाही व्हिडिओ काढला आणि मोबाइलमध्ये अजून लुकलुकतंय म्हणून पंचांना दाखवला. टाळ्या वाजवणाऱ्यांतला एकही जण पुढे आला नाही. गाव त्यांचं, संघ गावाचा, आणि मंडपामागे भजी तळायला घेतली होती.

पुढे आली ती कर्णधार मुलगी. गुडघे मातीनं भरलेले, श्वास अजून जागेवर आलेला नव्हता.

"काका, तुमी तर म्होरच्या खुर्चीवर व्हतात," ती म्हणाली. "तुमाला काय दिसलं?"

दीर गडबडले. त्या दिवसातलं एकच खरं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं. "म्या फोटू काढून राहिलो व्हतो."

निकाल लागला: दोन्ही संघ संयुक्त विजेते, चषक जळकोटलाच. मंडळाचं मन किती मोठं आहे तेही माइकवरून ऐकवण्यात आलं. मुखेडच्या मुलींच्या हातात चषक दिला तो फोटोपुरता, आणि फोटो निघताच काढून घेतला. आता तो दिरांच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये आहे. मी फलक उचलून घरी आणला आणि त्याच्यावरचा हात जोडलेला फोटो तिथेच मातीत ठेवून आले. दिरांशी त्यानंतर मी धड बोललेली नाही आणि माझं काही अडलेलंही नाही.

पुढच्या सोमवारी ती मुलगी प्रयोगशाळेत आली. घरी दाखवायला तिच्याकडे तो फोटोच होता. हातात चषक, मागे फलक, आणि फलकावर यावेळी एकटा तीन. चषक कुठंय, असं वडिलांनी विचारलं. मागचं हे काळं काय, असंही विचारलं. तिनं सगळं सांगितलं, एका वेळी एकच आकडा का पेटतो तेसुद्धा. आता खेळ संपला, असं ती धरूनच चालली होती.

"मग?" मी विचारलं.

"त्यांनी मोबाइल उलटा ठिवला," ती म्हणाली. "म्हणले, तुला किती दिसले? म्या म्हणलं, चौतीस. म्हणले, मंग चौतीसच. पुढल्या साली म्या सोता येतो बघायला."